महामारीतला सख्यधर्म

मित्र कोणाला म्हणावे, ह्याची लक्षणे आमच्या पाठशाळेत लहानपणीच पाठ करून घेत असत. सुभाषितकारांनी तर ही परीक्षा पार स्मशानापर्यंत नेऊन ठेवली आहे. सणावाराला सगळेच येतात, तिरडीमागे कोण चालला ते पाहा, असा त्यांचा रोख. इतकी वर्षे कीर्तनातून आम्ही हेच सांगत आलो आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. पण २०२० साली जी महामारी आली, तिने हा प्रश्नच उलटा करून आमच्यापुढे टाकला. संकट असे, की जवळ जाणे हेच संकट. अंत्ययात्रेला विसांहून अधिक माणसे नकोत असा सरकारी नियम. मग वाचकहो, तिरडीमागे जो आला नाही तो मित्र नव्हे काय? आणि अंगात ताप असताना जो हट्टाने आला, तो मित्र काय?

कोणी म्हणेल, बुवा, झाले गेले. वारी पूर्ववत सुरू झाली, देवळे उघडली, लोक तोंडावरची फडकी विसरले. आता हे कशाला उकरता? अहो, मी उकरत नाही. कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, चार माणसे ओसरीवर बसली, की हा विषय आपोआप निघतो. कोणी साडू साडवाशी बोलत नाही, कुठे दोन शेजाऱ्यांचे दळण-पाणी बंद आहे, कुठे तीस वर्षांचे जोडीदार पंगतीत पाठ करून बसतात. कारण विचारले तर उत्तर एकच : "त्या कोरोनात तो असा वागला." सबब ह्याचा थोडा विचार केला पाहिजे.

प्रथम त्या दिवसांची आठवण. मार्च २०२० मध्ये पंढरीचे मंदिर दर्शनास बंद झाले. त्या वर्षी १ जुलैला आषाढी होती. मानाच्या पालख्यांतील पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास नेल्या. अडीच-तीन आठवड्यांची पायवाट एका दिवसात सरली. आम्ही घरी. त्या वर्षी दिवाळी पाडव्याला, म्हणजे १६ नोव्हेंबरला, देवळे उघडली. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद. २० जुलै २०२१ ची आषाढीही तशीच गाडीतून झाली. देवळे पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. पायी वारी पुन्हा घडली ती २०२२ साली. मधल्या काळात काही बुवांनी मोबाईलसमोर उभे राहून कीर्तने केली. मीही दोन केली. समोर टाळकरी नाहीत, चाल उचलणारे कोणी नाही, "विठ्ठल विठ्ठल" म्हणावे तर भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करते आहे. पुन्हा नको म्हटले.

आता रोगाचा स्वभाव पाहा, कारण धर्माचा निर्णय वस्तुस्थिती सोडून करता येत नाही. हा रोग श्वासातून जाणारा. माणूस आजारी दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस तो त्याच्याकडून दुसऱ्याला लागू शके. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्याचाही भरवसा नाही, आणि स्वतःचाही नाही. त्यात मोठ्याने गाणे म्हणजे तर विशेष धोका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात एक गायकमंडळ आहे. १० मार्च २०२० रोजी त्यांची अडीच तासांची तालीम झाली. ६१ माणसे जमली होती. त्यांतली ५३ आजारी पडली, दोघे दगावले. त्यांनी काय पाप केले होते? आपण हरिपाठाला बसतो तसे ते गायला बसले होते. टाळमृदंगाच्या गजरात खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आपण. ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

जुन्या साथींत असे नव्हते, असे मात्र म्हणवत नाही. पण भेद होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मग गावोगाव पसरला. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. आमचे आजोबा हे सांगत असत. गाव सुटले, पण गाव मिळून सुटले. माळावरच्या झोपडीला झोपडी लागून असे, संध्याकाळी भजनही होई. ह्या खेपेला गाव जागच्या जागी राहिले आणि माणसे घरागणिक वेगळी झाली. एवढेच नव्हे, घरातल्या घरात म्हाताऱ्याची खाट पडवीत गेली. दाराला कडी लागली, आणि त्या कडीच्या दोन बाजूंना दोन मने निरनिराळा विचार करीत बसली.

येथे एक शंका उपस्थित होते. भक्ताने, साधकाने मरणाला इतके भ्यावे का? सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. पाठीवर रोगी मूल घेऊन गेलेली ती माउली आणि दाराआड बसलेले आपण! तुलना केली की मान खाली जाते. परंतु नीट पाहा. त्या बाईंनी धोका आपल्या अंगावर घेतला. आपले प्राण आपले आहेत, ते परोपकारात कोणी वेचले तर त्याला नमस्कार. पण ह्या महामारीत जो उंबरा ओलांडून आत येई, तो स्वतःचा धोका घेई आणि त्याच पावलाने घरातल्या म्हातारीवर धोका घालीही. शूरपणा आपल्या जिवावर करावा, दुसऱ्याच्या म्हातारीच्या जिवावर कसला शूरपणा? म्हणून "मी भीत नाही" असे सांगून आत घुसणारा प्रत्येक जण संत नव्हता. हे सांगितलेच पाहिजे, कारण तशी माणसे आपल्यातही होती आणि त्यांनी दार लावणाऱ्यांची कुचेष्टा केली.

एवढ्याने निर्णय झाला असता तर लेख येथेच संपता. तो होत नाही. का ते एका उदाहरणाने सांगतो. माणसे खरी आहेत, नावे-गाव सांगत नाही.

एका दिंडीत दोन टाळकरी होते. एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरे आबा, चार म्हशी बाळगून दुधाचा रतीब घालणारे. तीस वर्षे ओळीत एकमेकांच्या शेजारी उभे. वाटेत एका राहुटीत निजायचे, एकाच्या पायाला फोड आला तर दुसऱ्याने तेल लावायचे. मास्तरांना चाल चांगली धरता येई, आबांचा आवाज पहाडी. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत. मास्तरांनी त्यांना ओवी लावून वाचायला शिकवले होते. मास्तरांच्या घरचा रतीबही आबांचाच.

टाळेबंदी लागली. दूध चालू होते, म्हणून आबा रोज पहाटे नाक्यावरच्या पोलिसांना सांगून-सवरून गावात येत. पहिल्या आठवड्यात मास्तरांकडे गेले तर दार बंद. ओट्यावर पातेले ठेवलेले. खिडकीतून वहिनींचा आवाज : "आबा, तिथूनच घाला. वरून ओता, पातेल्याला माप लागू देऊ नका. आणि पैसे महिन्याने नेलेत तर बरं."

आबांनी वरून ओतले. थोडे सांडले. त्यांनी ते खांद्यावरच्या पंचाने पुसायला हात पुढे केला, तर आतून आवाज आला, "राहू द्या, राहू द्या!"

आता ह्यात चुकीचे काय? वैद्यकाच्या दृष्टीने काहीही नाही. मास्तरांना मधुमेह, वय सत्तरीकडे. आबा चाळीस घरे हिंडणारे. दूर राहणे योग्यच होते. पण "वरून ओता" हे शब्द ह्या देशात नवे नाहीत हो! ओंजळीत वरून पाणी ओतण्याची रीत आमच्या गावोगावच्या पाणवठ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. १९४७ साली त्याच मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. तेव्हा हात आखडून घेणे ही नुसती शरीराची हालचाल राहिलेली नाही, तिला मागची आठवण चिकटली आहे. वहिनींच्या मनात ते नव्हते, मी शपथेवर सांगेन. परंतु ऐकणाऱ्याच्या कानात ते होते. आबा मला म्हणाले, "बुवा, रोगाची भीती मला पण होती. पण त्या दिवशी मला वाटलं, मीच रोग आहे."

ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. काळजीने ठेवलेले अंतर आणि विटाळाने ठेवलेले अंतर ह्यांत भेद कोणता? दोन्हींत दार बंद, दोन्हींत हात मागे. बाहेरून पाहिले तर तिळमात्र फरक नाही. भेद आत आहे. काळजीच्या अंतरात संशय दोघांवर सारखा असतो : तुझ्यामुळे मला होईल तसेच माझ्यामुळे तुला होईल, सबब दोघे जरा लांब राहू. विटाळात संशय एकावरच. मी शुद्ध, तू दूषित. त्या खिडकीतून एवढेच शब्द अधिक आले असते, की "आबा, आमच्याकडे परवा मुलगा पुण्याहून आला आहे, तुम्हीच आमच्या पातेल्याला हात लावू नका, तुम्हाला काही व्हायचं," तर तेच दूध, तेच पातेले, तेच अंतर. पण आबा माणूस म्हणून परत गेले असते. आणि मुलगा खरोखरच पुण्याहून आला होता! रोग कोणाच्या घरातून कोणाकडे जायचा होता, हे त्या पांडुरंगालाच ठाऊक.

ही रोगाची रीतच मोठी विलक्षण होती. लक्षणे दिसण्याआधीच तो पसरत होता, म्हणून "मी बाधित असेन" असे धरून वागणे हीच खरी सावधगिरी होती. तोंडावर फडके बांधायला सांगत, त्यात आपल्या नाकातोंडाचे वारे दुसऱ्याला लागू नये हाही मोठा हेतू होता. आम्ही मात्र ते शत्रूविरुद्धच्या चिलखतासारखे बांधले. दोषाची शंका आपल्यापासून सुरू करावी, हे परमार्थात आम्ही नित्य ऐकतो. व्यवहारात कसोटी लागली तेव्हा शंका पहिल्यांदा दूधवाल्यावर, भाजीवालीवर, धुणेवाल्या बाईवर आणि शहरातून चालत गावी आलेल्या मजुरावर गेली. घरात बसून पगार-पेन्शन घेणाऱ्याला दार लावणे सोपे होते. ज्याचे पोट दारोदार हिंडण्यात, त्याने कोणते दार लावावे? गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद् आणि मित्र हे शब्द शेजारी शेजारी पण निरनिराळे आले आहेत. आचार्य भाष्यात सुहृद् म्हणजे परतफेड न पाहता उपकार करणारा आणि मित्र म्हणजे स्नेह असलेला, असा अर्थ करतात. नाक्यावरच्या काठ्या चुकवून पहाटे दूध आणणारा मनुष्य त्या महिन्यांत सगळ्या गावाचा सुहृद् होता. पैसे घेत होता खरा. पण पैशासाठी तेवढा धोका कोण घेतो?

आता आबांची बाजू सर्वस्वी निर्दोष, असे मी म्हणत नाही. दुखावलेल्या माणसाच्या मनातही एक न्यायाधीश बसतो आणि तो फार कडक असतो. आबा पुढे गावात सांगू लागले, "मास्तरांची तीस वर्षांची मैत्री एका पातेल्यापुरती निघाली." जिवावर उदार होऊन त्यांनी दार उघडावे, मला ओट्यावर बसवावे, चहा द्यावा, मग मी मानीन की ते मित्र, असा त्यात दावा होता. प्रेमाचा पुरावा म्हणून मित्राच्या जिवाचा धोका मागणे, हे प्रेम नव्हे. तो आपल्या मानापमानाचा हिशेब झाला. शिवाय चिडीच्या भरात आबांनी रोगच खोटा, लसच खोटी, असे बोलायला सुरुवात केली. मोबाईलवर त्या काळी असल्या निरोपांचा पूरच होता. मुळात मास्तरांवरचा राग. तो लसीवर निघाला. मी असे कितीतरी पाहिले. वाद रोगावर दिसे, पण पोटात दुखणे निराळेच असे.

तरीही हे सगळे भरून निघण्याजोगे होते. जे भरून निघणे कठीण, ते २०२१ च्या एप्रिलात घडले. आबांचे थोरले भाऊ गेले. नऊ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते, घरचे कोणी जवळ नव्हते. अंत्यविधीला मास्तर गेले नाहीत. न जाणे बरोबरच होते. नियम तसा, वय तसे, दुसरी लाट तशी भयंकर. परंतु मास्तरांनी दूरध्वनीही केला नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, पुढे तीन महिने नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "काय बोलावं सुचेना. आणि जितका उशीर होत गेला तितकं अवघड होत गेलं."

सुचेना, हे मला पटते. मोठ्या विद्वानालाही अशा वेळी सुचत नाही. पण दूरध्वनीतून रोग जात नव्हता. तेव्हा दार लावण्याचे जे कारण, ते येथे उरत नाही. म्हणून मी असे मानतो की मास्तर रोगाच्या बाबतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होते आणि सख्याच्या बाबतीत येथे उणे पडले. आबा रोगाच्या बाबतीत पुढे पुढे चुकत गेले, पण त्याच आबांनी मास्तरांना मधुमेहाचे औषध मिळेना तेव्हा दुसऱ्या गावाहून आणून त्याच ओट्यावर ठेवले होते, आणि खिडकीकडे न पाहता निघून गेले होते. दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न गावाने दोन वर्षे चघळला. बरोबर कोण हे कळल्याने मैत्री कशी जुळावी? ते खाते निराळे, हे निराळे.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहावे म्हणून चार भावना सांगितल्या आहेत : मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सर्वसाधारण समज असा, की मैत्री दुःखितांशी करावी. सूत्रात तसे नाही. दुःखितांविषयी करुणा सांगितली आहे. मैत्री सांगितली आहे ती सुखी माणसाविषयी. पाठशाळेत हे शिकताना मला मौज वाटे, की सुखी माणसाशी मैत्री करायला काय अवघड? टीकाकार म्हणतात, सुखी माणसाला पाहून ईर्ष्या उत्पन्न होते, ती ह्या भावनेने धुऊन निघते. महामारीनंतर मला त्याचा अर्थ लागला. एकाच्या घरातला माणूस गेला, दुसऱ्याच्या घरातले सगळे वाचले. एकाचा धंदा बसला, दुसऱ्याचा पगार चालू. ज्याचे काही गेले नाही त्याच्याकडे, ज्याचे गेले त्याने मित्रभावाने पाहणे, हे महाकठीण. आबा म्हणाले होते, "त्यांच्या घरात सगळे आहेत, बुवा." त्यात मत्सर होता आणि दुःखही होते, त्यांची वाटणी करता येत नाही. आणि वाचलेल्या माणसालाही एक संकोच असतो. आपले सगळे शाबूत, मग कोणत्या तोंडाने समाचाराला जावे? मास्तरांच्या न बोलण्यात त्याचाही भाग असावा.

२०२२ साली वारी निघाली. दिंडीत दोघेही आले, पण ओळी बदलून. आपला संप्रदाय असा की भेटला वारकरी की लवावे त्याच्या पायाशी, लहान-मोठा पाहायचा नाही. पहिल्या मुक्कामाला हे दोघे समोरासमोर आले. रीतीप्रमाणे दोघेही वाकले, एकमेकांचे पाय शिवले, "माउली" म्हणाले आणि न बोलता निघून गेले. तरुण पोरे हसली, म्हणाली, काय हे ढोंग! मला ते ढोंग वाटले नाही. मन तयार नसताना शरीराने एक पाऊल पुढे टाकून ठेवले, तर त्यात बिघडले काय? दोन वर्षे ज्या पायांना हात लावणे धोक्याचे होते त्यांना हात लागला. बोलणे पुढे होईल तेव्हा होईल.

ते व्हायला आणखी वर्ष गेले. मास्तरांनी मला विचारले, "क्षमा मागू काय?" मी म्हटले, "आधी विचारा. भाऊ कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हते. त्या नऊ दिवसांत काय काय झाले, प्राणवायूसाठी कुठे कुठे धावाधाव झाली, शेवटचे बोलणे कोणाशी झाले, हे आबांना गावात कोणी विचारलेच नव्हते. जो तो आपापल्या घरचे सांगत होता. मास्तर गेले, ओट्यावर बसले, आणि "थोरल्यांचं काय काय झालं ते सांगा" म्हणाले. आबा दुपार कलेपर्यंत सांगत होते. पातेल्याचा विषय निघाला नाही म्हणतात. अजून ते पूर्वीसारखे हसत-खेळत नाहीत. ओळीही वेगळ्याच आहेत. पण रतीब चालू आहे.

मला अधिक विवंचना आहे ती निराळ्यांची. ज्यांचा मित्र अबोला धरलेल्या स्थितीतच गेला, त्यांनी काय करावे? असे लोक मला भेटतात. परवाच एक मृदंगी भेटला. जोडीच्या गायकाशी २०२० साली लहानशा गोष्टीवरून वाजले, आणि पुढल्या मे महिन्यात तो गायक गेला. हा म्हणतो, पखवाजाला हात लावला की त्याचा आवाज येतो. त्याला मी गीता-भागवत सांगितले नाही. विचारले, "त्याच्या घरी गेला होतास का?" म्हणाला, "कोणत्या तोंडानं?" मी म्हटले, "घरी कोण आहे?" म्हणाला, बायको आहे, मुलगी बारावीला आहे, मुलगा टाळ धरतो असे ऐकले. मी त्याला सांगितले, एकादशी होऊ दे, बारस सोड, आणि मग जा. सकाळच्या वेळी जा, कारण संध्याकाळी पोरे अभ्यासाला बसतात. भांडणाचे काही सांगू नकोस, तिला त्याचे ओझे कशाला? बापाची कोणती चाल मुलाला येते तेवढे विचार, आणि पखवाज बरोबर ने.